कट्ट्यावर पहिल्यांदा कविता वाचताना

येत्या शनिवारी आपण आमच्या कट्ट्यावर प्रथमच वाचणार आहात, म्हणून सुचवतो की कविता मोबाइलवर न ठेवता मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून कागदावर उतरवून आणावी. ऐन तिसऱ्या कडव्यात माझ्या मोबाइलचा पडदा काळा झाला आणि तो उघडेपर्यंत श्रोते खोकू लागले, हा प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. वेळ पाच मिनिटांचा असतो. त्यात दोन लहान कविता सहज बसतात, मात्र कविता कशी सुचली हे सांगण्यातच तीन मिनिटे गेली, तर सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतात (आणि ते योग्यच आहे).

पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची गोडी लावली हे खरे, तरी गळा साथ देत नसेल तर चाल लावण्याच्या फंदात पडू नये. मुक्तछंदात ओळ जिथे तुटते तिथे क्षणभर थांबावे, नाहीतर ऐकणाऱ्याला ते गद्यच वाटते. माइक तोंडापासून साधारण वीतभर दूर आणि किंचित तिरपा धरावा, कारण अगदी जवळ धरल्यास ‘फ’ आणि ‘भ’ फुटतात. आपले वाचन संपताच चपला शोधू नयेत. शेवटच्या कवीलाही श्रोते हवे असतात.