टेबलावरचे पाय

अगं, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नवीन आलं की सगळं लक्ष अवजारांच्या ट्रॉलीवर असतं. तू आधी पेशंटचे पाय बघत जा. भूल दिलेला माणूस ‘रग लागली’ म्हणत नाही.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा गोल उंचवटा लागतो. स्वतःच्या पायावर चाचपून बघ. त्याच्या खालून वळसा घालून पेरोनियल नर्व्ह, पंजा उचलणारी नस, जाते, अगदी कातडीलगत. मी नवीन असताना लिथोटॉमीच्या, म्हणजे पाय वर फाकवून ठेवायच्या, दांड्याला जेल पॅड लावायची विसरले. पन्हाळ्याकडचा ऊसवाला होता बिचारा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालायला उठला, तर कोल्हापुरी चप्पल पायात राहीना; पंजाच उचलत नव्हता.

टाचा हवेत ठेव. लांब पॅड पोटरीखाली, गुडघा किंचित वाकलेला; घोट्यामागच्या जाड शिरेवर (टेंडनवर) भार नको. ग्लोव्हमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवायची जुनी खोड मात्र सोड, त्यानं दाब हटत नाही.

पाय वर घेताना दोघींनी एकदम. उतरवताना सावकाश, भूलवाल्या डॉक्टरांना सांगून, कारण बीपी पडतं. केस लांबली, दोन तास झाले, तर ‘सर, पाय थोडा वेळ खाली घेऊ का?’ विचारायचंच. चिडले तर चिडू देत. तासन्‌तास वर टांगलेल्या पायाला रक्त कमी पडतं, पोटरी आतून सुजून दगडासारखी होते. मग ती फाडून मोकळी करावी लागते.

आणि ड्रेपखालच्या, म्हणजे ऑपरेशनच्या चादरीखालच्या, पायावर कुणी रेललं, तर सरळ हटक. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा.