पायथन स्क्रिप्ट हाताने चालवली की फाइल सापडते, विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) चालवली की 'नो सच फाइल' अशी चूक येते. असं का?

कोडमध्ये तुम्ही नुसतं 'स्कॅन' लिहिलंय आणि ते फोल्डर स्क्रिप्टच्या शेजारीच आहे म्हणता. पण असा अर्धा पाथ, म्हणजे फाइलचा अपुरा पत्ता, पायथन स्क्रिप्टच्या जागेपासून मोजतच नाही. प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू झाला, तिथून मोजतो. तुम्ही आधी सीडी ही फोल्डर बदलायची आज्ञा देऊन त्या फोल्डरात जाता, मग चालवता, म्हणून दोन्ही जागा योगायोगाने एकच. टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन'ची चौकट रिकामी असली की सुरुवात बहुधा विंडोजच्या सिस्टिम32 मधून होते. तिथे कुठलं आलंय तुमचं 'स्कॅन'? खात्री करायची तर पहिल्याच ओळीत ओएस.गेटसीडब्ल्यूडी (चालू फोल्डर सांगणारं फंक्शन) छापून बघा.

ती चौकट भरूनही भागेल, पण मशीन बदललं की भरायचं हमखास राहतं. मी पाथ स्क्रिप्टलाच बांधतो. पाथलिब या पाथ हाताळणाऱ्या मॉड्यूलमधल्या पाथला दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर असलेलं फाइल (स्क्रिप्टचा स्वतःचा पाथ) द्या, पुढे रिझॉल्व्ह (पाथ पूर्ण करायला), त्यापुढे पॅरेंट (वरचं फोल्डर घ्यायला). झालं तुमचं मूळ फोल्डर. मग तिरकी रेघ देऊन 'स्कॅन' जोडा. पाथलिब पायथन 3.4 पासून सोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. ओएस.सीएचडीआयआर करा, म्हणजे कोडमधूनच चालू फोल्डर बदला, असा सल्ला कुणीतरी देईलच. छोट्या कामाला चालतो, पण तो अख्ख्या प्रोग्रामची जागा हलवतो, म्हणून मला आवडत नाही.

बॅकस्लॅशने पाथ लिहिला असेल तर तेही तपासा. बॅकस्लॅशपुढे इंग्रजी छोटा एन आला की पायथनला ती नवी ओळ वाटते, छोटा टी आला की टॅब. अवतरणाआधी आर लावा, नाहीतर सरळ पुढची तिरकी रेघ वापरा. विंडोजवर पायथनला ती चालते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: काही देवनागरी फोल्डरं डोळ्यांसमोर असून 'एक्झिस्ट्स' (पाथ खरंच आहे का ते तपासणारं फंक्शन) फॉल्स, म्हणजे नाही, का म्हणतं. इंदूरला आमच्या ग्रंथालयात जुने अंक स्कॅन करताना हेच निघालं. 'दुसऱ्या वर्षाचे अंक' या नावातला 'ऱ्या' एका कीबोर्डवर नुक्तावाल्या ऱ ने टाइप होतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असा. पडद्यावर दोन्ही सारखेच, मशीनच्या लेखी वेगळी नावं. युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ (अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं फंक्शन) इथे कामाचं नाही, ते या दोन रूपांना एक करत नाही. तुलना करण्याआधी र-हलन्त-जॉइनर हा तुकडा रिप्लेसने ऱ-हलन्त करून घ्या, आणि तेही दोन्ही बाजूंना: कोडमधल्या नावाला आणि डिस्कवरच्या फोल्डरच्या नावाला. आम्ही पुढे फोल्डरांना '1962_04' अशी वर्ष-महिन्याची नावं द्यायला लागलो आणि मराठी शीर्षकं एका सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत) नेली. ती सीएसव्ही उघडताना मात्र एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 असं स्वतः लिहा; विंडोजवर आपसूक यूटीएफ-8 मिळेल असं धरून चालू नका.