तंबाखूवर करिअर करायचं की मातीवर?

नमस्कार, तुझं पत्र दोनदा वाचलं. तू इथे शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात बीएस्सी अॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला, घरी कागल तालुक्यात दोन एकर बिडीचा तंबाखू, तुला टिकाऊ तंबाखू शेतीवर काम करायचंय आणि पप्पा म्हणतायत मातीत एमएस्सी करून काय करणार, त्यापेक्षा एमपीएससी दे. आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलंयस की विहिरीजवळच्या रानातला माल निपाणीत कायम कमी भावाने जातो, वरच्या रानातला चांगला जातो, वाण तोच, खत तेच. अगं, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे!

भावातल्या या फरकाचं कारण मी इथे बसून सांगणार नाही, तपासल्याशिवाय सांगूच नये. पण शोधायचं कुठे ते सांगते. तंबाखूच्या पानात क्लोराइड जास्त गेलं की पान हवेतली ओल धरतं आणि नीट जळत नाही, आणि हे क्लोराइड येतं खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून, निचरा नसलेल्या जमिनीतून, नाहीतर म्युरेट ऑफ पोटॅश या क्लोराइडवाल्या पालाश खतामधून. म्हणून तर तंबाखूला पालाश द्यायचं तर सल्फेट ऑफ पोटॅश देतात. सिगारेटच्या तंबाखूला तर मातीत 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) वर क्लोराइड असेल तर ती जमीनच नको म्हणतात.

आणि जमीन बदलली की अख्खं पीकच वेगळं होतं बघ. सिगारेटचा तंबाखू कर्नाटकातल्या हुणसूर, आंध्रातल्या प्रकाशम, नेल्लोरकडच्या हलक्या जमिनीत चांगला येतो, कारण तिथलं नत्र पान पिकायच्या वेळेला संपत येतं आणि पान छान पिवळं पडतं, नत्र उरलं तर हिरवंच राहतं. आपल्याकडच्या काळ्या जमिनीतला बिडीचा तंबाखू उलट, त्याला नत्र भरपूर लागतं, तिखटपणा हवा असतो ना. एकाचा खताचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. शिवाय हे पीक पालाश खूप ओढतं, वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं की मुळांवर सूत्रकृमीच्या (मातीतल्या बारीक किड्यांच्या) गाठी, बंबाखू (तंबाखूच्या मुळांवर जगणारं तण, त्याचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं), आणि आम्ल जमिनीत तर मातीतलं कॅडमियम हे विषारी धातू थेट पानात.

आता मनापासून एक सांगते, तुला कदाचित आवडणार नाही. स्पेशलायझेशन तंबाखूचं घेऊ नकोस, मातीचं घे. तंबाखू माणसाचा जीव घेतो हे तुलाही माहितेय. भारताने 2004 मध्ये डब्ल्यूएचओच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली, त्यातलं 17 वं कलमच तंबाखू उत्पादकांना पर्यायी मार्ग देण्याबद्दल आहे. उद्या तुमच्या भागात कुणी तंबाखू सोडून सोयाबीन, हरभरा, भाजीपाला करायचं म्हणेल तेव्हा त्याला आधी कळायला हवं की या जमिनीत शिल्लक काय आहे, आणि ते सांगणारी तू असशील तर तुझं काम पिकासोबत संपणार नाही.

मार्ग असा. मृद विज्ञान व कृषी रसायनशास्त्रात एमएस्सी, त्यासाठी राज्याची पीजी सीईटी आणि आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा दोन्ही दे. पुढे माती परीक्षण लॅब, खत आणि ड्रिप कंपन्या, पीएचडी करून शास्त्रज्ञ पदाची परीक्षा, असं बरंच आहे. आंध्रात राजमहेंद्रीला 1947 मध्ये तंबाखू संशोधन संस्था म्हणून सुरू झालेली संस्था आहे (आता तिचं नाव बदललंय), तिचं काम जरूर वाच. आणि पप्पांना सांग, एमएस्सी केली म्हणून कृषी सेवेची एमपीएससी बंद होत नाही, दोन्ही चालतं.

पण त्याआधी एक काम कर. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की दोन्ही रानांचे नमुने वेगवेगळे घे. प्रत्येकात आठ-दहा ठिकाणी वीस सेंटिमीटर व्ही आकाराचा खड्डा, कडेची माती प्लास्टिकच्या बादलीत, नीट मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरव. खालच्या थराचा, पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंतचा, नमुना वेगळा. खताच्या जुन्या पोत्यात मात्र भरू नकोस हं, रिपोर्टच चुकेल. विहिरीचं पाणी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भर. लॅबमध्ये पीएच, ईसी (क्षार किती ते), सेंद्रिय कर्ब, एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) यांच्यासोबत क्लोराइड पण मुद्दाम सांगून करून घे, कारण नेहमीच्या तपासणीत ते नसतं. रिपोर्ट आला की आधी पप्पांसोबत बसून वाच, मग मला पाठव.