उच्चशिक्षणामुळे समाज श्रीमंत होतो का? मग इतके पीएचडीवाले कफल्लक का?

समाज श्रीमंत होतो. शिकणारा होईलच असं नाही. हे दोन हिशेब वेगळे आहेत, आणि आपल्याकडे पंगतीला बसलेला कुणीही ते एकत्र करतो, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. वडिलांनी वाट्याची जमीन विकून मला रसायनशास्त्रात एमएस्सी, पुढे पीएचडी करू दिली. चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, द्राक्षबाग वाढवली. घरात कुठलंही कार्य असो, तात्या चारचौघांत विचारणार, "एवढं शिकून पोरीला मिळतं काय?" मी तासिका तत्त्वावर शिकवते, सुट्टीत मानधन नाही. त्यांचा मुलगा बारावीनंतर बागेत उतरला, दारात दोन गाड्या आहेत. त्यांच्या लेखी वाद तिथेच संपतो.

माझ्या लेखी नाही. 2010 च्या हंगामात युरोपात आपली द्राक्षं अडकली, त्यात तात्यांचाही माल होता. कारण लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ आवरणारं औषध. त्याचा अंश मण्यांत सापडला. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. एक्स्पोर्टर फोन उचलेना. "औषध खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या छाटणीनंतर मारलं होतं, मण्यात आत्ता कुठून आलं?" हे तात्यांनी मलाच विचारलं, मी तेव्हा एमएस्सीला होते. वेल हे रसायन लवकर मोडत नाही, ते लाकडात राहतं आणि तिथून घडात उतरतं, हे मी त्यांना वहीत आकृती काढून समजावलं. पुढच्या छाटणीला लिहोसिन बंद झालं. त्या वहीचा उल्लेख पंगतीत कधी होत नाही.

मणी फुगवायला घड ज्यात बुडवतात ते डिपिंगचं जिब्रेलिक अ‍ॅसिड, डाऊनी या बुरशीजन्य रोगावरच्या फवारण्या, मालात औषधाचा अंश किती उरला ते सांगणारा रेसिड्यूचा रिपोर्ट, या प्रत्येकामागे प्रयोगशाळेत वर्षं घालवलेली माणसं आहेत. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञाला पगार मिळतो, कंटेनरचे पैसे बागायतदाराला. यात गैर काही नाही. पण त्या पैशात ज्ञानाचा वाटा नाही म्हणणं साफ खोटं आहे.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर नुसत्या शिक्षणानं भागत नाही. 2011 च्या जनगणनेत केरळ 94 टक्के साक्षर होतं, महाराष्ट्र 82. तरी केरळची माणसं पोटासाठी आखातात गेली. उलट दक्षिण कोरियानं शाळांबरोबर शिकलेल्यांना काम देणारे कारखानेही उभे केले.

नुसत्या बढतीसाठी उरकलेल्या पीएचडी मी यात धरत नाही. आणि प्रत्येक विषयाचा पैसा असा दाखवता येत नाही, हेही खरं.

तुम्ही स्वतः पीएचडीच्या विचारात असाल, तर आधी नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा काढा. 2023 पासून सहायक प्राध्यापकपदाला तेवढं पुरतं, पीएचडीची सक्ती नाही. फेलोशिप मिळाल्याशिवाय घरची जमीन विकू देऊ नका. आणि कुणी तात्या पगार विचारायला लागले, तर त्यांच्या बागेचा शेवटचा रेसिड्यू रिपोर्ट कुणी काढला, ते त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर विचारा.