वकिलांनी उलटतपासणीच घेतली नाही

प्रश्न : सत्र न्यायालयाने माझ्या धाकट्या भावाला ७ वर्षांची सक्तमजुरी सुनावली. पंच साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना आमच्या वकिलांनी ‘उलटतपासणी नाही’ एवढेच सांगितले. आता काय करावे?

उत्तर : ताई, तुमचा संताप रास्त आहे. तरी आधी ६० दिवसांच्या मुदतीत उच्च न्यायालयात अपील दाखल करून सोबत शिक्षेला स्थगिती व जामिनाचा अर्ज द्या. वकील कमी पडले एवढ्यावर निकाल सहसा फिरत नाही. म्हणून साक्षीच्या नोंदीतले ते पान समोर ठेवून, कोणते प्रश्न राहिले आणि त्यामुळे बचावाचे नेमके काय नुकसान झाले, हे दाखवावे लागेल. भाऊ तुरुंगात असल्याने, उत्पन्न कितीही असो, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये त्याला मोफत वकील मिळू शकतो. बार कौन्सिलकडे तक्रार अवश्य करा, पण तिच्यासाठी अपील खोळंबू देऊ नका.