वाचकांचे प्रश्न : भावाला त्याची चूक दाखवावी का?

प्रश्न : माझा लहानपणापासूनचा मित्र आमच्याच मंडळीत आहे, तो उपासनेला नियमित येतो, गायनमंडळातही असतो. मोबाईलवरील जुगाराच्या नादाने तो कर्जात बुडत चालला आहे आणि नवनवी कारणे सांगून ओळखीच्या लोकांकडून पैसे उसने घेत आहे, हे मला खात्रीने ठाऊक आहे. त्याच्या पत्नीला याची कल्पना नाही. बोललो तर मैत्री तुटेल, अशी भीती वाटते. शिवाय ‘तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका,’ असे प्रभूनेच सांगितले आहे. मी गप्प राहिलो तर चुकेल का?

उत्तर : होय, चुकेल, आणि आपण हे पत्र लिहिले, त्याअर्थी आपल्या मनालाही ते टोचत असावे. आपण दिलेले वचन मत्तयाच्या 7व्या अध्यायाचे पहिले वचन आहे, परंतु विषय तेथे संपत नाही. 5व्या वचनात प्रभू येशू आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढायला सांगतो, आणि ते कशासाठी, तर भावाच्या डोळ्यातले कुसळ काढताना आपल्याला स्पष्ट दिसावे म्हणून. कुसळ तसेच राहू द्या, असे तो म्हणत नाही. त्याचा रोख ढोंग्यावर आहे, म्हणजे स्वतःला न तपासता दुसऱ्याचा न्याय करायला बसणाऱ्यावर. मित्राच्या अंतःकरणाचा निवाडा देवाकडे आहे. त्याच्या वागण्याने त्याचे घर उद्ध्वस्त होत आहे, हे त्याला सांगणे मात्र आपल्याकडे आहे.

लेवीय 19 मधील 16, 17 आणि 18 ही वचने सलग वाचून पाहावीत. 16व्या वचनात लोकांमध्ये चहाड्या करीत फिरण्यास मनाई आहे. 17व्या वचनात भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नये, तर त्याला त्याचा दोष अवश्य दाखवावा, नाहीतर त्याच्या पापाचा भार आपल्यावरही येतो, असे सांगितले आहे. आणि लगेच 18व्या वचनात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते, जिला प्रभूने सर्वांत मोठ्या आज्ञेच्या खालोखाल स्थान दिले. शेजारप्रीतीची आज्ञा कानउघाडणीच्या आज्ञेला अशी लागून आलेली असताना मंडळीत बहुधा उलटेच घडते : ज्याचे चुकते तो सोडून बाकी सर्वांना ते ठाऊक असते. ‘त्याच्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हणत म्हणत त्याची गोष्ट घरोघर पोहोचते, आणि रविवारी तो समोर आला की सारे हसून हात मिळवतात. मौन आणि चहाडी यांना मी वेगळे मानत नाही. जे तोंडावर बोलायचे राहून जाते, तेच पाठीमागे बोलले जाते.

म्हणूनच मत्तय 18:15 मधील पहिली पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : तुम्ही दोघे एकान्तात असताना त्याला त्याचा अपराध दाखव, त्याने ऐकले तर तू आपला बंधू मिळवला. हेतू येथे उघड सांगितला आहे, तो भाऊ परत मिळवण्याचा. या वचनाच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आहे आणि पुढे, किती वेळा क्षमा करावी, हा पेत्राचा प्रश्न आहे. या दोहोंच्या मधून ही आज्ञा उचलून काढली, तर तिचे हत्यार व्हायला वेळ लागत नाही.

बोलावे कसे, हे नाथान संदेष्ट्याकडून शिकावे (2 शमुवेल 12). दावीदाने बथशेबेशी व्यभिचार केला होता आणि तिचा नवरा उरीया याला लढाईत मारवले होते. अशा राजासमोर उभे राहून नाथानाने आरोपांची यादी वाचली नाही. त्याने एका गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची हकिकत सांगितली : ती त्याच्या ताटातले खायची, त्याच्या कुशीत निजायची, आणि एका श्रीमंताने पाहुण्याच्या मेजवानीसाठी नेमकी तीच हिसकावून नेली. दावीद संतापून त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा ठोठावतो, तेव्हाच नाथान म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ राजाची न्यायबुद्धी अजून जिवंत आहे, असे मानून तो बोलला. पुढे दावीद आणि बथशेबा यांच्या एका मुलाचे नाव नाथान असल्याचे 1 इतिहास 3:5 मध्ये आढळते. ते संदेष्ट्यावरून ठेवले, असे शास्त्र सांगत नाही. तरीही ते नाव त्या घरात अप्रिय झाले नव्हते, एवढे नक्की.

आपण काय करावे, तर आधी स्वतःला तपासावे आणि मग समोरासमोर बसावे. फोनवरील संदेशातून ही गोष्ट मुळीच सांगू नये. जे स्वतः पाहिले आहे तेवढेच बोलावे : ‘तू अमक्याकडून दवाखान्याच्या नावाने पैसे घेतलेस आणि ते जुगारात गेले, हे मला माहीत आहे. माझे चुकत असेल तर सांग. नसेल, तर यातून बाहेर पडायला मी तुझ्याबरोबर आहे.’ पत्नीला त्याने स्वतः सांगावे असा आग्रह धरावा आणि हवे असल्यास त्या वेळी सोबत बसण्याची तयारी दाखवावी. उसने पैसे मात्र देऊ नयेत. गलतीकरांस 6:1 मध्ये पौल अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगतो आणि त्याच वाक्यात, तूही मोहात पडू नयेस म्हणून स्वतःकडे लक्ष दे, असे बजावतो.

मैत्री तुटण्याच्या भीतीविषयीही लिहिले पाहिजे. 5व्या शतकाच्या आरंभी हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने गप्प राहण्यातले दोन प्रकार वेगळे केले होते. योग्य वेळेची वाट पाहण्यासाठी किंवा बोलण्याने समोरचा अधिक बिघडेल या काळजीपोटी थांबणे हे प्रीतीला धरून आहे. समोरच्याची मर्जी जाईल किंवा आपले नुकसान होईल म्हणून थांबणे हा दोष आहे. आपले मौन यांपैकी कोणते, हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

प्रश्न : वडीलधाऱ्यांना किंवा पाळकांना चूक दाखवण्याचा अधिकार सामान्य सभासदाला आहे का?

उत्तर : आहे, पण मर्यादा सांभाळून. अंत्युखिया नगरात प्रेषित पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसत असे, परंतु यरुशलेमहून काही लोक आल्यावर तो मागे सरला. तेव्हा पौलाने सर्वांदेखत त्याला विरोध केला (गलती 2:11–14). चूक उघड होती आणि इतरही तिच्यामागे ओढले जात होते, म्हणून बोलणेही उघड झाले. वडील माणसाला दटावू नये, बापाप्रमाणे मानून त्याला बोध करावा, असेही पौलच तीमथ्याला लिहितो (1 तीमथ्य 5:1). तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस यानेही याच उदाहरणावरून वरिष्ठांना बोध करणे मान्य केले, मात्र त्यात उद्धटपणा नसावा, असे म्हटले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. घरात मारहाण होत असेल, एखाद्या मुलाला कोणी त्रास देत असेल किंवा पदाचा गैरफायदा घेऊन कोणाचे शोषण चालले असेल, तर ‘आधी एकान्तात जा’ असे सांगून पीडित व्यक्तीला अत्याचार करणाऱ्यासमोर पाठवणे हा वचनाचा दुरुपयोग आहे. तेथे आधी तिची सुरक्षितता पाहावी आणि पोलिसांना कळवावे. मंडळीचे नाव राखण्यासाठी असे प्रकरण दडपणाऱ्याला या वचनाचा आधार घेता येणार नाही.

प्रश्न : समजावूनही कोणी ऐकले नाही तर?

उत्तर : मग एकदोघांना बरोबर न्यावे, आणि त्यानंतरच ते मंडळीला सांगावे, क्रम प्रभूने घालून दिला आहे. मंडळीचेही न ऐकल्यास त्याला विदेशी किंवा जकातदार (त्या काळी तिरस्कृत मानला जाणारा कर गोळा करणारा) यासारखा समजावे, असे तो म्हणतो. त्याला सभासदत्वाचा मान देता येत नाही, परंतु जकातदारांच्या पंक्तीला येशू स्वतः बसला होता, म्हणून त्याच्यासाठी दार बंद झालेले नसते. मंडळीने शासन केलेल्या एका माणसाविषयी पौल लिहितो, की झाली एवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (2 करिंथ 2:6–8). शासन करण्यात तत्पर असलेल्या मंडळ्या हे वचन क्वचितच वाचतात, याचे मला वाईट वाटते.

यहेज्केलाच्या 33व्या अध्यायातील पहारेकऱ्याचे काम तलवार येताना पाहून कर्णा वाजवणे एवढेच आहे. ऐकणाऱ्याच्या वतीने पळणे त्याच्याकडे सोपवलेले नाही. आपण सांगितले, पुन्हा सांगितले, आणि तरीही तो वळला नाही, तर त्याचा हिशेब आपल्या माथी नाही. प्रार्थना सोडू नये, आणि तो भेटला की रस्ता बदलू नये.