वाचकांचे प्रश्न : ताणाच्या दिवसांत संथ होताना

प्रश्न : गेले काही महिने कार्यालयातील वाढलेले काम आणि घरातील आजारपण अशा दोन्ही जबाबदाऱ्या एकदमच अंगावर आल्या आहेत. जो तो ध्यान करायला सांगतो. परंतु डोळे मिटून बसले की उरलेली कामेच डोळ्यांपुढे नाचू लागतात आणि मी अधिकच अस्वस्थ होते. वेगळा वेळ काढणेही शक्य नाही. काय करावे?

उत्तर : ध्यान जमत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ताण ऐन भरात असताना मनाला शांत व्हायला सांगणे हा माझ्या मते सर्वांत अवघड मार्ग आहे, आणि नेमका तोच आधी सुचवला जातो. त्याऐवजी शरीरापासून सुरुवात करावी. धोका जाणवताच शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये मांडले. ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, श्वास उथळ होतो. संकट क्षणात टळणारे असेल तर ही सज्जता उपयोगी पडते, मात्र न संपणाऱ्या कामांपुढे ती दिवसभर तशीच राहते आणि माणूस काही न करताही थकून जातो.

या सज्जतेतला श्वास थेट आपल्या हाती असतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, कारण श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील अंमल वाढतो. म्हणून खोल श्वास घेण्यापेक्षा तो सावकाश सोडण्याकडे लक्ष द्यावे. चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. आकडा साधारण सेकंदाचा धरला, तर मिनिटाला सहा श्वास होतात, एरवी ते बारा ते वीस असतात. भराभर खोल श्वास घेतल्यास मात्र रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि आपल्याला काहीतरी होते आहे या भीतीने घाबरणे आणखी वाढते.

यासाठी वेगळी वेळ नको. फोन वाजला की उचलण्यापूर्वी एकदा स्वतःकडे लक्ष द्या : खांदे कानांकडे चढलेले असतात, दातांवर दात घट्ट बसलेले असतात आणि श्वास बहुधा रोखलेला असतो. आणखी एक-दोनदा वाजू द्या, तेवढ्यात खांदे खाली सोडून एक लांब श्वास सोडा आणि मग बोला. पलीकडच्या माणसाचे यात काहीही बिघडत नाही. खांदे सैल होतच नसतील, तर ते आधी पाच सेकंद मुद्दाम आवळून एकदम सोडावेत. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विकसित केलेल्या स्नायू-शिथिलीकरणाचे सूत्र हेच आहे.

तथापि, ज्या घरात आजारी माणूस आहे तेथे केवळ श्वासावर भागत नाही, ओझे वाटून घ्यावेच लागते. ‘काही लागले तर सांगा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना संकोच न करता नेमके काम सांगावे : गुरुवारी संध्याकाळी दोन तास येऊन बसा, किंवा औषधे आणून द्या. मोघम विनंतीला मोघमच उत्तर मिळते.

प्रश्न : रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि मग काळजीने झोप लागत नाही. उपाय सुचवावा.

उत्तर : रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच हलकी असते, त्यामुळे मध्ये जाग येणे हा बिघाड नव्हे. घड्याळ पाहून ‘आता तीनच तास उरले’ असा हिशेब सुरू होतो, तेथे खरी गाडी अडते. म्हणून घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवावे आणि फोन हाताशी नसावा. बराच वेळ झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे वाचावे, डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर परतावे आणि सकाळी मात्र नेहमीच्याच वेळी उठावे. काळज्या रात्री नव्हे, संध्याकाळी कागदावर उतरवाव्यात आणि प्रत्येकीपुढे उद्याची पहिली कृती लिहावी. कॉफी दुपारीच थांबवावी, कारण त्यातील निम्मे कॅफिन शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री असेच जात असल्यास डॉक्टरांना भेटावे; जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी भेटावे.

प्रश्न : चालता चालता फोनवर कामाचे बोलले तर चालण्याचा फायदा होतो का?

उत्तर : पायांना आणि हृदयाला होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, त्यात हे झपाझप चालणेही धरता येईल. डोके मात्र कार्यालयातच राहते. परतीच्या वाटेवर तरी फोन खिशात ठेवावा.